डॅशबोर्ड मागायला गेलो आणि पावतीपुस्तक दुरुस्त करून आलो : नाशिकमधील एका डेटा सल्लागार सेवेचा अनुभव

सिडकोतील आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत गेली सहा-सात वर्षे एक वाक्य प्रत्येक वार्षिक आढाव्याला ठरलेले असे : "मोबाईलमुळे वाचक तुटला." कोषाध्यक्ष ३१ मार्चची सभासदसंख्या वाचून दाखवत, ती आदल्या वर्षीपेक्षा कमी असे, मग कोणीतरी हे वाक्य उच्चारी, चहा येई आणि सभा पुढच्या विषयाकडे वळे. कार्यवाह या नात्याने इतिवृत्तात ते वाक्य मीच अनेकदा लिहिले आहे. मागील वर्षी मात्र एका तरुण सदस्याने ठराव मांडला की, सभासदांच्या नोंदींचा जाणकाराकडून अभ्यास करून घ्यावा आणि सगळे आकडे संगणकाच्या पडद्यावर एका दृष्टिक्षेपात दिसतील असा डॅशबोर्ड बनवून घ्यावा. त्या ठरावामुळे गंगापूर रोडवरील एका छोट्या डेटा सल्लागार कचेरीशी आमचा संबंध आला. काम संपून आता पाच महिने झाले आहेत, म्हणजे कौतुकाचा पहिला भर ओसरला आहे आणि तक्रारींची धारही बोथट झाली आहे, तेव्हा अभिप्राय लिहिण्यास ही वेळ योग्य वाटते. कचेरीचे नाव येथे दिलेले नाही. तेथे दोनच माणसे काम करतात, हातात घेतलेली कामे उरकेपर्यंत नवी घ्यायची नाहीत असे त्यांनी ठरवले आहे आणि नाव न देण्याची विनंती त्यांचीच आहे. तरीही अशा सेवेकडे जाणाऱ्या संस्थांना आमचा अनुभव उपयोगी पडावा.

कचेरीच्या संचालिका चार्टर्ड अकाउंटंट आहेत. मुंबईत एका खासगी बँकेच्या कर्ज-जोखीम विभागात त्यांनी चौदा वर्षे काढली, म्हणजे कोणाला कर्ज द्यावे, कोणाला देऊ नये आणि दिलेले कर्ज बुडण्याची शक्यता किती, याचे हिशेब मांडण्यात. मूळच्या त्या नाशिकरोडच्या. वडील करन्सी नोट प्रेसमध्ये नोकरीला होते, त्यामुळे "आमच्याकडे नोटा छापायच्या, बाबांनी आणायच्या मोजक्याच" हा विनोद त्या घरात जुना आहे. मोठ्या पगाराची नोकरी सोडून समाजासाठी काहीतरी करण्यास निघालेल्या माणसांविषयी मला मनातून थोडी शंका असते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. दोन वर्षांत अशी बरीच मंडळी परत जातात आणि मागे अर्धवट कामे सोडतात. म्हणून पहिल्याच भेटीत मी त्यांना आडपडदा न ठेवता विचारले, "मॅडम, तुमचे स्वतःचे घर कशावर चालते?" त्यांना प्रश्नाचा राग आला नाही. बँक सोडण्यापूर्वी दोन वर्षांच्या घरखर्चाची तरतूद केली होती, पहिल्या वर्षी कचेरीतून पगार घेतला नाही आणि आता पूर्वीच्या पगाराच्या साधारण तिसरा हिस्सा घेते, असे त्यांनी सांगितले. नोकरी का सोडली, याचे त्यांचे उत्तर मला त्याहून पटले. नाकारलेल्या अर्जदाराला नकाराचे खरे कारण सांगण्याची सोय त्यांच्या कामात नव्हती. बचत गटाच्या बाईचा अर्ज मागे पडतो तो ती बुडवेल म्हणून नव्हे, तर तिच्याविषयी कागदावर काहीच नसते म्हणून, हे त्यांना दिसत होते. पण ते कागद तयार करून देणे कोणाचेच काम नव्हते. तेच काम आता त्या करतात, एवढीच त्यांची मांडणी आहे. सेवा, ध्येय, परिवर्तन हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही एकदाही ऐकले नाहीत.

कचेरीची रचनाही सांगण्यासारखी आहे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी काढण्याचा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. अशा कंपनीला नफा लाभांश म्हणून वाटता येत नाही आणि देणग्या मिळवणे तुलनेने सोपे जाते. त्यांनी मात्र साधी मर्यादित दायित्व भागीदारी संस्था काढली, भागीदार म्हणून अंबडच्या एका कारखान्यातील संगणक अभियंता घेतला आणि दर दोन प्रकारचे ठेवले. अंबड आणि सातपूरच्या उद्योगांना पूर्ण दर, तर वाचनालये, बचत गटांचे संघ आणि लहान सहकारी संस्था यांना त्याच्या एक तृतीयांश. देणगीवर संस्था चालवली असती तर वर्षाचे निम्मे दिवस देणगीदारांना अहवाल लिहिण्यात गेले असते, हे त्यांचे म्हणणे वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मला अक्षरशः पाठ आहे. आमच्याकडून त्यांनी २५ हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला. आमच्यासारख्या संस्थेला ही रक्कम लहान नाही. वर्षभरातील ग्रंथखरेदीला त्यामुळे कात्री लागली आणि सभेत त्यावरून दोन सदस्यांनी आवाजही चढवला.

आता प्रत्यक्ष कामाविषयी.

आमच्या नोंदी दोन ठिकाणी होत्या. जुन्या नोंदी कपाटातील जाडजूड नोंदवह्यांत आणि अलीकडच्या संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये. संगणकावर आहे म्हणजे ते काम झालेलेच आहे, अशी आमची समजूत होती. अभियंत्याने आमची फाइल स्वतःच्या संगणकावर उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा निव्वळ गोंधळ दिसला, कारण आमच्या आधीच्या लिपिकाने सगळी नावे एका जुन्या मराठी टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, भरली होती आणि तो टंक नसलेल्या संगणकाला ती मराठी आहे हे कळतच नव्हते. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना काय होते, हे त्यांनी आमच्या ग्रंथपाल बाईंना शेजारी बसवून दाखवले. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, म्हणून जुन्या टंकात ती आधी टंकली जाई, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट. तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर आणि जुन्या टंकात त्या अक्षरानंतर टंकला जाई, पण युनिकोडमध्ये त्याच्या आधी यावा लागतो. त्यामुळे पहिल्या रूपांतरात आमचे सगळे शिंदे 'िशंदे' झाले आणि कुलकर्ण्यांचा रफार भलत्याच ठिकाणी जाऊन बसला. एकच आडनाव दोन-तीन प्रकारे साठवले गेल्याने एक सभासद संगणकाला दोन-तीन वाटत होता. काही रकान्यांतील देवनागरी आकडे मजकूर म्हणून नोंदले गेल्यामुळे वर्गणीची बेरीज शून्य येत होती आणि कित्येक तारखांमध्ये दिवस व महिना यांची अदलाबदल झाली होती. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्याने "हे सगळे आपण वार्षिक अहवालात छापत होतो?" असे विचारले, त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

बँकेतील अनुभवाचा खरा उपयोग येथून पुढे झाला, आणि मी पैसे याच भागासाठी मोजले असे आता म्हणेन. संचालिकांनी पहिला प्रश्न विचारला तो 'सभासद म्हणजे कोण?' आम्ही हसलो. ज्याचे नाव नोंदवहीत आहे तो, असे कोषाध्यक्ष म्हणाले. ज्याची अनामत आपल्याकडे आहे तो, असे मी म्हणालो. जो पुस्तक न्यायला येतो तो, असे ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि त्यांचेच बरोबर असावे. एका वाचनालयाच्या तीन पदाधिकाऱ्यांच्या डोक्यात तीन वेगळ्या सभासदसंख्या होत्या आणि अहवालात प्रत्येक वर्षी त्यातील कोणती छापली, ते त्या वर्षी अहवाल कोणी लिहिला यावर ठरत होते. बँकेत मुद्दलाचा किंवा व्याजाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज अनुत्पादित ठरते. तेथे कोणाच्या मताला वाव नसतो. त्याच धर्तीवर त्यांनी आमच्याकडून लेखी व्याख्या करून घेतली : वर्गणी ९० दिवसांहून अधिक थकलेली असेल, तर सभासद निष्क्रिय. व्याख्या ठरायला दोन सभा लागल्या. वर्षानुवर्षे वर्गणी न भरणारे पण वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत बसणारे काही आजीव हितचिंतक निष्क्रियांत जाणार होते, त्यामुळे वादाला तोटा नव्हता. मॅडम त्या दोन्ही सभांना आल्या, शेवटपर्यंत बसल्या आणि व्याख्या आम्हीच ठरवायची असे सांगून स्वतः गप्प राहिल्या.

दुसरी गोष्टही बँकेतूनच आली. थकबाकीचा एकूण आकडा पाहून बँकेला फारसे कळत नाही, कारण नवीन कर्जवाटप वाढले की थकबाकीचे प्रमाण आपोआप कमी दिसू लागते. म्हणून एका वर्षी दिलेली सगळी कर्जे ही एक तुकडी मानून ती तुकडी पुढे कशी वागते, हे स्वतंत्रपणे पाहतात. बँकवाले याला 'व्हिंटेज' म्हणतात. द्राक्षांच्या आणि वायनरींच्या या जिल्ह्यात हा शब्द निराळ्या अर्थाने ठाऊक असणारेही पुष्कळ आहेत, हे जाता जाता. त्यांनी आमच्या सभासदांच्या अशा वर्षनिहाय तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीतील किती जण सहा महिन्यांनी, वर्षाने, तीन वर्षांनी टिकले ते एका पानावर मांडले. त्या पानाने आमचे इतिवृत्तातील लाडके वाक्य निकालात काढले. नव्या सभासदांची आवक कमी झालेलीच नव्हती. घट दिसत होती ती जुन्या तुकड्यांतील एका विशिष्ट गटात, आणि तो गट होता दिवाळी अंकांच्या वाचकांचा.

झाले असे होते की, पूर्वी दिवाळी अंक योजनेचे पैसे भरणाऱ्यालाही आम्ही मुख्य नोंदवहीतच क्रमांक देत असू. ही मंडळी दिवाळीला येत, अंक वाचत, ३१ मार्चच्या मोजणीत सापडत आणि उन्हाळ्यात अदृश्य होत. पुढच्या दिवाळीला पुन्हा हजर. काही वर्षांपूर्वी तेव्हाच्या कोषाध्यक्षांनी हिशेब स्वच्छ राहावा म्हणून योजनेसाठी वेगळे पावतीपुस्तक सुरू केले. हेतू चांगला होता. परंतु जुने योजना-वाचक जुन्याच पुस्तकावर आणि नवे तेवढे नव्या पुस्तकावर, अशी सोयीची वाटणी होऊन बसली. जुने वाचक वयोमानाने किंवा घर बदलल्याने जसजसे गळत गेले, तसतशी मुख्य नोंदवहीतील संख्या दरवर्षी थोडी थोडी उतरत राहिली. त्यांच्या जागी येणारे नवे वाचक दुसऱ्या पुस्तकात होते आणि ते पुस्तक वार्षिक अहवाल लिहिताना कोणी उघडत नव्हते. ज्याला आम्ही मोबाईलचे आक्रमण समजत होतो, त्याचा मोठा भाग एका पावतीपुस्तकाचा होता. हे त्यांनी सभेत सांगितले तेव्हा ते माजी कोषाध्यक्ष समोरच बसलेले होते. मॅडमनी "त्यांनी वेगळे पुस्तक केले म्हणूनच आज हे शोधता आले" असे वाक्य आधी घातले. आकडे सांगण्याचीही एक रीत असते, ती त्यांच्याकडे आहे.

म्हणजे सगळे आलबेल होते असे मुळीच नाही. त्याच पानावर एक खरी गळतीही दिसत होती. ज्या वर्षी आम्ही पगार वाचवण्यासाठी सकाळची वेळ बंद करून वाचनालय केवळ सायंकाळी ५ ते ८ उघडे ठेवू लागलो, त्या वर्षापासूनच्या तुकड्यांत कामकरी वयाचे पुरुष पहिल्या चार महिन्यांतच अनामत परत मागत होते. येथे त्यांनी मला आवडलेली आणखी एक गोष्ट केली. वेळ बदलली म्हणूनच माणसे गेली, असे त्यांनी लिहून दिले नाही. दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या एवढेच आकडे सांगतात, त्यामागचे कारण मात्र माणसांनाच विचारावे लागेल, असे म्हणून त्यांनी सोडून गेलेल्या तीस जणांची यादी काढली आणि फोन आम्हालाच करायला लावले. मी स्वतः अकरा फोन केले. अंबडच्या एका कारखान्यातील कामगाराने मला उलट विचारले, "साहेब, सेकंड शिफ्टला जाणाऱ्याने पुस्तक बदलायचे कधी?" आम्ही आठवड्यातून तीन दिवस सकाळी ९ ते ११ ही वेळ पुन्हा सुरू केली आहे. तिचा परिणाम काय होतो, हे पुढच्या तुकडीत दिसेल.

डॅशबोर्ड मात्र त्यांनी करून दिला नाही. तीन महिन्यांतून एकदा पाहायच्या आकड्यांसाठी पडदा कशाला, एक छापील पान पुरे, असे त्यांचे मत. आम्ही थोडे हिरमुसलो, कारण वर्धापनदिनी पाहुण्यांना दाखवायला काहीतरी झगमगीत हवे होते. ग्रंथव्यवहारासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहून देण्यासही त्यांनी नकार दिला. 'कोहा' हे न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेले आणि २००० सालापासून वापरात असलेले सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-सेवा संस्थेचे 'ई-ग्रंथालय' आहे, मग आमच्या एका वाचनालयापुरते तिसरे काहीतरी करून आम्हाला कायमचे त्यांच्यावर अवलंबून ठेवणे योग्य नाही, असे त्यांनी लेखी कळवले. स्वतःचे पुढचे बिल स्वतःच्या हाताने खोडणारा सल्लागार माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

करारातील एक अट सुरुवातीला मला कागदी वाटली होती, ती नंतर कामाला आली. सभासदांची माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरायची, आणि काम संपल्यावर त्यांच्याकडील प्रत पुसून टाकल्याचे पत्र द्यायचे. महापालिका निवडणुकीची हवा तापली तेव्हा आमच्याच एका हितचिंतकांनी "स्वच्छ केलेली ती यादी, मोबाईल क्रमांकांसह, प्रभागनिहाय लावून मिळेल का?" अशी विचारणा कचेरीकडे परस्पर केली. मॅडमनी त्यांना नम्रपणे नकार दिला, त्याची प्रत मला पाठवली आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे लक्ष वेधले. त्याच पत्रात, आमच्या बालविभागातील १८ वर्षांखालील सभासदांच्या माहितीसाठी त्या कायद्यात पालकांच्या संमतीची तरतूद आहे आणि आमच्या प्रवेश-अर्जावर पालकांच्या सहीला जागाच नाही, हेही दाखवून दिले. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'मुळे ज्या शहरातून ग्रंथपेट्या दूरदूरच्या वाचकांपर्यंत गेल्या, त्या शहरातील वाचनालयाने वाचकांचे फोन क्रमांक प्रचाराला वाटावेत, हे शोभले नसते.

उणिवाही आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. सहा आठवड्यांचे म्हणून ठरलेले काम अकरा आठवडे चालले. मार्चअखेर उद्योगांची कामे अंगावर आली आणि आम्ही, म्हणजे कमी दराचे ग्राहक, मागे पडलो. त्या तीन आठवड्यांत फोनला उत्तर मिळे, पण काम हलत नसे. सवलतीचा दर म्हणजे सवलतीची घाई, असे मी त्यांना म्हणालोही. त्यांनी ते नाकारले नाही. पहिला अहवाल मराठीत होता खरा, पण त्यात 'चर्न', 'कोहॉर्ट', 'रिटेन्शन' अशा शब्दांची इतकी दाटी होती की तो आम्ही परत पाठवला. दुसऱ्या मसुद्यात त्यांचे गळती, तुकडी, टिकाव झाले आणि अहवाल चार पानांनी कमी झाला. कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि वाचनालयांचे पदाधिकारी बहुतेक करून गुडघ्यांची तक्रार असलेल्या वयाचे असतात, याचा विचार त्यांनी करायला हवा.

सर्वांत मोठी चूक नावे जुळवताना झाली. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन जावा आमच्या सभासद आहेत. दोघींची आणि दोघींच्या यजमानांची आद्याक्षरे सारखी, आडनाव अर्थातच एक. संगणकाने दोघींची मिळून एक बाई केली आणि धाकटीची थकबाकी थोरलीच्या नावावर लावली. आमच्याकडून थोरलीला स्मरणपत्र गेले. ज्या बाईंनी वीस वर्षांत एकदाही वर्गणी चुकवलेली नाही त्यांना थकबाकीचे पत्र जाणे म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी वाचनालयाच्या दारात सर्वांसमक्ष कळले. मॅडम दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांच्या घरी गेल्या, चूक आमच्याकडून झाली असे सांगितले आणि त्यानंतर अशी जुळलेली सर्व नावे छापून ग्रंथपाल बाईंसमोर ठेवली. बाईंनी दीड तासात आणखी चार जोड्या सोडवल्या आणि उलट प्रकारची नऊ नावे जुळवली, म्हणजे लग्नानंतर नाव बदललेल्या मुली, ज्या आमच्या नोंदीत एकदा 'सोडून गेलेल्या' आणि एकदा 'नव्या' अशा दोनदा मोजल्या गेल्या होत्या. ही पडताळणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. बाई पहिल्या दिवसापासून तेथेच बसलेल्या होत्या.

अशी सेवा घेऊ इच्छिणाऱ्या संस्थांनी आपल्याकडील जुना ग्रंथपाल किंवा लिपिक या कामासाठी पूर्ण मोकळा करून द्यावा. ते शक्य नसेल तर पैसे खर्च करू नयेत. कराराच्या मसुद्यात अहवालाची भाषा, मुदत आणि मार्चमधील कामाचा क्रम स्पष्ट लिहून घ्यावा. उद्योगांना त्यांचे काम कसे वाटते ते मी सांगू शकत नाही, परंतु लहान संस्थांपैकी ज्यांच्या कपाटात नोंदवह्या आहेत आणि सभेत अंदाज, त्यांना या कचेरीची वाट पाहण्यास हरकत नाही. पाचपैकी चार गुण मी देईन. एक गुण उशिरासाठी आणि त्या स्मरणपत्रासाठी कापला आहे.

आम्ही त्यांना पुढील वर्षासाठी दर तिमाहीला एका दिवसाचे काम दिले आहे. दिवाळी अंक योजनेच्या पावत्या आता मुख्य पुस्तकापासून वेगळ्याच राहतील, पण दोन्हींवर सभासद क्रमांकाचा रकाना असेल. नवी पुस्तके परवाच छापून आली. मुख्य पुस्तकाची पावती पांढरी आणि योजनेची पिवळी ठेवली आहे, आणि रंग ग्रंथपाल बाईंनी निवडला आहे.